सुपाऱ्या फुटल्या, वरात उभी

फाइफच्या किनाऱ्यावर, क्रेलच्या जरा अलीकडे,
जमिनीखाली दोन मजले
एक खोली आहे, तिला चाहूल चालत नाही.
साठ टनांचा काँक्रीटचा ठोकळा हवेच्या उशांवर,
त्यावर भांडं, भांड्यात भांडं, त्याच्या पोटात हेलियम,
आणि अगदी आत, तांदळाच्या कणीएवढा
काळा स्फटिक:
बिस्मथ, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम, तांबं, प्राणवायू.
पदरावर पदर, सुगरणीच्या चिरोट्यासारखे.

इशबेल गेड्सने तो त्या थंडीतच फोडला,
एका टिचकीसरशी. पापुद्रा उडाला
आणि खालचं अंग उघडं पडलं,
ज्याला अजून कुणाचा श्वास लागला नव्हता.

मग सुई. टोकाला एकच अणू
(निदान तशी आशा).
दोन लाख बासष्ट हजार एकशे चव्वेचाळीस दारं,
प्रत्येक दारात थांबायचं, न शिवता विचारायचं:
या ऊर्जेचे किती जण राहतात इथे? आणि या? आणि या?
खानेसुमारीच्या मास्तरीणबाई.
सहा दिवस लागतात.

वरच्या मजल्यावर वॉटी स्मेटन मोज्यांवर चालतो.
तीस वर्षं हेलियम भरतोय,
त्याआधी बापाबरोबर शेवंडांचे पिंजरे ओढायचा.
लिफ्टला कुलूप. किटलीसुद्धा बंद.
तरी समुद्र येतोच.
वादळ पार नॉर्वेकडे, आणि नोंदीत
दर सहा सेकंदांनी एक उसासा.

चौथ्या रात्री पडद्यावर तांब्याच्या जागी बसलेला
जस्ताचा एक आगंतुक अणू दिसला.
त्याच्याभोवती तरंग,
त्याला धडकून मागे फिरलेल्या इलेक्ट्रॉनांचे.
इलेक्ट्रॉन तरी कसं म्हणावं?
गर्दीत कुणी एकटं चालत नाही.
शेजाऱ्यांचे धक्के, वळणं, जरा सरका हो, सरका,
हे सगळं अंगावर वागवत जे पुढे जातं
त्याला आपण क्वासिपार्टिकल म्हणतो,
म्हणजे कणासारखं काहीतरी.

आणि तरंगांच्या खाली
चौकडी. चार अणूंची घडी, पुन्हा चार,
वॉटीच्या मफलरसारखी.

इशबेलला झोप लागली नाही.
लाटांवर लाटा पडल्या तरी चौकडीच दिसते.
आणि इलेक्ट्रॉन खरंच पाट मांडून
पंगतीला बसले असले, तरी चौकडीच.
बसलेले वाहत नाहीत, पंचाईत ती आहे.
काहींचं म्हणणं, जरा तापवलं
तर जोड्या जमलेल्याच राहतात:
लग्नं ठरलेली, सुपाऱ्या फुटलेल्या,
आणि वरात कोपऱ्यावर उभी,
बँडवाला कुणाच्या तरी हुकमाची वाट बघतोय.

सहाव्या पहाटे किटली लागली.
तिने वॉटीला विचारलं,
विज्ञान म्हणून नाही, जागं दुसरं कुणी नव्हतं म्हणून:
पाण्यावर फेस दिसला,
तर खाली खडक आहे की नुसतीच लाट, कसं ओळखायचास?

तो म्हणाला, थांबायचं. वारा फिरू द्यायचा.
फेस हलला तर लाट.
तिथेच राहिला तर बापाला ओरडून सांगायचं.

वारा तिच्या हातात होता, बटणावर.
सहा मिलिव्होल्ट. दहा. चौदा.
ठिपके सरकले, एकामागून एक, शहाण्यासारखे.
लाट, लाट, ही पण लाट.
एक सरकला नाही.
वीस. चोवीस.
की सरकला? रेघेच्या जाडीइतका?
तो इलेक्ट्रॉनचा असेल,
नाहीतर नॉर्वेकडच्या त्या उसाशाचा.

वहीत तिने लिहिलं, स्थिर.
खाली लिहिलं, कदाचित नाही.
मग हे दुसरं खोडलं,
पण वाचता येईल इतपतच.

वॉटी नळी घेऊन दारात उभा,
हेलियम तळाला गेलेलं, मोजे भोकाचे.
ओरडलीस का बापाला?

अजून नाही, ती म्हणाली. भर तू.